समाचाराला आलेली माणसं

क्षय झाला आहे असं ज्या दिवशी कळेल त्या दिवशी पहिली गोष्ट ही करा: दाराला आतून कडी लावा. औषध नंतर आणलं तरी चालेल. गल्लीला आधी कळलं, तर तुमच्या अंगात जी काही ताकद उरली असेल ती समाचाराला आलेल्या माणसांशी बोलण्यातच संपेल. या दुखण्यातून उठलेल्या बायका आमच्या काशीत फार नाहीत. ज्या उठल्या त्या लिहीत नाहीत. त्यांना वाटतं, चार लोकांच्या सद्भावनेनं आपण वाचलो. मी चार लोकांच्या सद्भावनेला न जुमानता वाचले, म्हणून लिहिते आहे.

फुप्फुसाचं काय होतं, जंतू कसे असतात, हे मला विचारू नका. ते डॉक्टरांना ठाऊक असतं, आणि त्यांनाही किती ठाऊक असतं याची मला शंका आहे. मला माणसांबद्दल सांगायचं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुसरं काही नाही तरी माणसं नीट दिसतात.

*

आमचं घर रामघाटावरून मंगला गौरीकडे जाणाऱ्या गल्लीत. हे जवळच्याच एका वेदपाठशाळेत शिकवतात. मला खोकला पावसाळ्यापासून होता, पण त्या गल्लीतल्या ओलीत खोकला कुणाला नसतो? एका मंगळवारी देवीच्या पायऱ्या चढताना ठसका लागला, तोंडाला पदर लावला, आणि पदरावर रक्त आलं. बरोबर शेजारच्या गोदूकाकू होत्या. त्यांचे यजमान घाटावर क्रियाकर्मं करतात, त्यामुळे कुणाचं किती उरलं आहे याचा अंदाज घ्यायची त्या घराला सवय. काकूंनी पदराकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "घबरू नको हं यमुने. काही नसतं."

यांनी मला एक्क्यात घालून एका बंगाली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती ठोकून पाहिली, फोटो काढवला, आणि तो आल्यावर यांना पडद्याबाहेर नेऊन हळू आवाजात बोलू लागले. पडदा चिटाचा होता. मला सगळं ऐकू येत होतं. डावं फुप्फुस धरलं आहे, उजवं अजून चांगलं आहे. पहाडावर सरकारी आरोग्यधाम आहे, तिथं जागा मिळवून देता येईल, वर्ष-दीड वर्ष राहावं लागेल. इथं ठेवलीत तर उन्हाळा काढणार नाही. शेवटी म्हणाले, "बहूजी को मत बताइए। घबरा जाएँगी।"

हे आत आले, माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि रडायला लागले. म्हणजे मला माझं निदान कुणी सांगितलंच नाही. ते मी यांच्या रडण्यावरून ओळखायचं होतं. उचक्या थांबेनात म्हणून मी उठले आणि कोपऱ्यातल्या सुरईतलं पाणी त्यांना दिलं. क्षय मला झाला होता, आणि पाणी मी पाजत होते. पुढचे दोन महिने असेच जाणार होते, फक्त ते मला अजून कळलं नव्हतं.

*

मग समाचाराला माणसं येऊ लागली.

क्षयाच्या खोलीत कुणी येत नाही. सगळे उंबऱ्यापर्यंत येतात. बायकांच्या नाकाला पदर, पुरुषांच्या उपरण्याचं टोक. तिथून मान वाकडी करून आत बघायचं आणि इतक्या मोठ्यानं बोलायचं, जणू मी गंगेच्या पलीकडे निजले आहे. मी क्षयी होते, बहिरी नव्हते.

"कशी गं झालीस! पाहवत नाही बिलकुल." ज्यांना पाहवत नसे त्या सगळ्यात जास्त वेळ पाहात. एक बाई यायची ती तिच्या जावेच्या भावाची हकीकत सांगायला. त्यालाही असाच संध्याकाळचा ताप, असेच गाल लाल. मधे चार दिवस बरं वाटलं, खिचडी मागून खाल्ली, आणि मग... पुढचं ती हात हवेत उडवून दाखवायची. आठवडाभरानं ती पुन्हा आली, तेव्हा तिला तोच भाऊ पुन्हा पहिल्यापासून आठवला. दुसरी नुसती रडायची. ती रडायला लागली की मी म्हणायचं, अहो रडू नका, मी होईन बरी. तिचं समाधान झालं की डोळे पुसून, नाक शिंकरून, हलक्या अंगानं ती घरी स्वयंपाकाला जायची. मला मात्र बोलण्यानं धाप लागलेली असे.

पडल्या पडल्या मी पुष्कळ विचार केला, की हे आहे तरी काय. खोटं म्हणवत नाही. त्यांचे डोळे खरोखर भरून येत. पण माझ्याकडे बघताना त्यांना मी दिसत नव्हते. त्या खाटेवर त्यांना त्या स्वतः दिसत. आणि मग आपण निजलेलो नाही, आपण दारात धडधाकट उभ्या आहोत, हे ध्यानात आलं की जिवाला जी थंडाई वाटे, तिला त्या माझी कणव म्हणत. अशी कणव उरकायला पाच मिनिटं पुरतात. मग माणूस वाटेत भाजी घेऊ शकतो.

आणि वर कौतुक! हे फक्त आमच्या काशीत होतं, म्हणून बाहेरच्यांना सांगायला हवं. काशीभोवती पंचक्रोशीची हद्द आहे. तिच्या आत जो मरेल तो मुक्त झाला. बाहेर मरेल तो बाकीच्या जगासारखाच. या एका गोष्टीवर आमच्या अर्ध्या गल्लीची चूल पेटते. त्यातून मी सवाष्ण. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, आणि काशीत मरण! गोदूकाकूंनी मला उंबऱ्यावरून चक्क हात जोडले. म्हणाल्या, "किस्मतवाली आहेस बाई. आम्ही जन्मभर गंगेत बुडक्या मारतोय, तरी आम्हाला काय मिळेल याचा भरवसा नाही. तुझं तर सगळं जमूनच आलं."

त्या रोज आमच्या कुसुमला जवळ घेऊन कुरवाळत. कुसुम तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. एक दिवस दारात उभी राहून तिनं विचारलं, "आई, तू गेलीस की मी काकूंकडे राहायचं का? त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे रोज जिलबी मिळेल."

त्या दिवशी मी ठरवलं की मी मरणार नाही. हे धैर्य वगैरे नव्हतं. मला भयंकर राग आला होता.

*

पण ठरवणारी मी कोण? डॉक्टरांचा निरोप आला होता की जागा मिळते आहे, पंधरवड्यात कळवा, नाहीतर दुसऱ्याला जाईल. हे पाठशाळेच्या मोठ्या शास्त्रीबुवांना विचारायला गेले. शास्त्रीबुवा स्वतःच घरी आले. ओसरीवर बसून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, पण माझ्याशी नव्हे, त्यांनी सांगितलं, "रोगानं जायचं असेल तर माणूस पहाडावरही जातो. इथं गेला तर निदान मुक्त होतो. तिथं गेला तर जीवही गेला आणि मुक्तीही गेली. बायकोवर तुमचं प्रेम आहे ना? मग तिचं एवढं नुकसान करू नका."

प्रेमानं माझं नुकसान टाळायचं म्हणजे मला इथंच मरू द्यायचं, असा तो हिशेब होता. हे आत येऊन खाटेजवळ बसले. जवळ बसत तेवढे तेच, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

"तुला एवढ्या लांब, थंडीत, परक्या लोकांत पाठवायला माझं काळीज होत नाही गं," ते म्हणाले.

"आणि इथं ठेवायला होतं?"

ते रडायला लागले. रडणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की सगळं घर त्यांच्याभोवती जमा व्हायचं, आणि माझा प्रश्न तसाच पडून राहायचा. शेवटी ते म्हणाले, "बरोबर एक बाईमाणूस लागतं म्हणतात. कोण येणार सांग? सगळ्यांना विचारलं."

ते खरं होतं. उंबऱ्यात उभं राहून रडायला पन्नास बायका होत्या. खाटेजवळ येऊन बसायला एकही नव्हती.

*

शुक्रवारी गोदूकाकू कुंकवाचा करंडा आणि एक पुडकं घेऊन आल्या. तीन-चार बायका बरोबर होत्या. म्हणाल्या, "आम्हाला तुझ्या हातचं कुंकू हवं. अशा सवाष्णीच्या हातचं लागलं की आपल्यालाही तसंच येतं." करंडा त्यांनी उंबऱ्यातून काठीनं आत सरकवला. मी बोट बुडवून करंडा परत सरकवला. त्यांनी ते कुंकू एकमेकींना लावलं. मग पुडकं आत आलं. त्यात हिरवं लुगडं होतं, जरीच्या काठाचं.

"कशाला काकू?" मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं होतं. इतक्या दिवसांत कुणी काही आणलं नव्हतं.

"असू दे. फक्त आत्ताच घडी मोडू नको," काकू म्हणाल्या.

ते लुगडं कशासाठी होतं हे मला एका क्षणानं कळलं. सवाष्णीला कोणत्या रंगात नेतात हे कुणाला माहीत नसतं?

आता आत्याबाईंबद्दल सांगायला हवं. यांच्या वडिलांची ही चुलत बहीण, साताऱ्याकडची. विसाव्या वर्षी विधवा झाली, आणि तिच्या सख्ख्या भावानं तिला काशीला आणून आमच्या घरी ठेवलं. केस उतरवलेले, अंगावर लाल आलवण, मागच्या खोलीत वेगळी चूल. तिनं क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे मरेपर्यंत पंचक्रोशीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. माझ्याशी तिचं कधी पटलं नाही. मी मासिकं वाचते म्हणून ती मला मडम म्हणायची. माझ्या दुखण्यात तिनं एकदाही माझी चौकशी केली नव्हती, आणि गल्लीभर तिच्या दगडी काळजाची चर्चा होती.

बायका गेल्या आणि आत्याबाई आत आल्या. उंबऱ्यात थांबल्या नाहीत, तोंडाला पदर लावला नाही. लुगडं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"काठ बरे आहेत," त्या म्हणाल्या. "तुला मरायचंय का?"

इतक्या दिवसांत मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "नाही."

"पहाडावर जायचंय?"

"हो."

"मग तोंडानं सांगत का नाहीस? हूं हूं करून काय कळतं कुणाला? तो बाहेर बसून रडतोय, तू आत पडून रडतेस." मग त्यांनी तिथूनच हाक मारली. "अरे ए, इकडे ये. हिला जायचंय. डॉक्टरला कळव. बरोबर मी जाते."

हे दारात येऊन उभे राहिले. "आत्या, अहो, तुमचा क्षेत्रसंन्यास!"

"माझा आहे ना? तुझा नाही ना? मग मी मोडते."

"पण इतक्या वर्षांचं पुण्य..."

"परेशान होऊ नको. ते माझं मी बघेन. तू तिकिटं बघ."

दोन महिने माझ्या खाटेकडे वाहणारी गल्लीची सगळी दया एका दुपारीत आत्याबाईंकडे वळली. बायका मागच्या दारानं त्यांच्याकडे जाऊन डोळे पुसू लागल्या, की उतारवयात हे काय नशिबी आलं. आत्याबाई भांडी घासत राहिल्या. निघायच्या दिवशी मी हिरव्या लुगड्याची घडी मोडली आणि ते नेसून दारात आले. गोदूकाकूंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्या लुगड्यात मी एक्क्यात बसून चालले होते, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं. कुसुम माझ्या भावाबरोबर इंदूरला गेली. तिला वाटेला लावताना मात्र मी रडले, आणि आत्याबाईंनी मला रडू दिलं.

*

आरोग्यधामाचं सांगण्यासारखं फार नाही. सकाळी घंटा, तोंडात थर्मामीटर, दूध, पडून राहा. पुन्हा घंटा, जेवण, पडून राहा. दुपारी दोन तास बोलायचंसुद्धा नाही. थुंकायला झाकणाचा पेला, तो नेहमी जवळ. बर्फ पडलं तरी खाट व्हरांड्यात. पहिला महिना मला वाटलं की क्षयानं नाही तर थंडीनं मरेन. नंतर भूक लागू लागली. तुम्ही तिथं गेलात तर भूक लागेपर्यंत कळ काढा. एवढा एकच सल्ला मला देता येतो.

आम्हाला दोन खोल्यांची एक झोपडी मिळाली होती. डॉक्टरांनी मला रोज कच्चं अंडं दुधात फेटून घ्यायला सांगितलं. आत्याबाईंनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी त्या अंगणात गेल्या, नाकाला पदर बांधला, डोळे मिटले आणि अंडं फोडलं. माझ्या रोगाला त्यांनी पदर लावला नव्हता, अंड्याला लावला. फेटून पेला माझ्यासमोर आपटला आणि थंडीत डोक्यावरून पाणी घेतलं. रोज हेच. एकदा मी म्हटलं, आत्याबाई, माझ्यासाठी तुम्ही किती करता! त्यावर म्हणाल्या, "बोलू नको. दोन तास मुकं राहायला सांगितलंय ना?"

तिथंही समाचार होताच. दर रविवारी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बायका संत्री घेऊन यायच्या. प्रत्येक खाटेपाशी थांबून, मान हलवून विचारायच्या, "अच्छा है?" आणि उत्तर मिळायच्या आत पुढच्या खाटेपाशी. उंबरा तेवढा नव्हता. बाकी गोदूकाकूच, पायांत बूट घातलेल्या. माझ्या दिशेनं एक संत्रं पुढं आलं की आत्याबाई म्हणायच्या, "रख दो, और आगे बढ़ो।" मडमिणींना ती फार गोड म्हातारी वाटे.

का आलात, असं मी त्यांना एकदा विचारलं. "घरात बसून तुझा खोकला ऐकायचा तो इथं ऐकते. इथं हवा तरी आहे," एवढंच म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी, मटार सोलताना, न विचारता बोलल्या. "मला काशीला आणलं ना, तेव्हा भाऊ ढसाढसा रडला. सगळी रडली. किती माया होती सगळ्यांची माझ्यावर! रडून झालं, आणि गाडीत बसून निघून गेला. मला राहायचंय का, हे एकानं विचारलं नाही." मटार सोलून झाले होते. त्या उठून चुलीकडे गेल्या.

*

दुसऱ्या हिवाळ्यात माझं वजन वाढलं होतं, ताप थांबला होता, मी सकाळी रस्त्यापर्यंत चालत जात होते. आणि आत्याबाई पडल्या. थंडी छातीत उतरली. माझं दुखणं त्यांना लागलं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

मी त्यांच्या खाटेपाशी गेले आणि म्हणाले, "बऱ्या व्हाल हो आत्याबाई. काही काळजी करू नका."

त्यांनी एक डोळा उघडला. "समाचाराला आलीस? मग दारात उभी राहून बोल."

मी पाणी दिलं, पाठ शेकली, मोरी धुतली. चार दिवसांनी त्यांची धाप वाढली, आणि आरोग्यधामाच्या मोठ्या डॉक्टरसाहेबानं येऊन मान हलवली. मग मला तो एकच प्रश्न आठवला. त्यांच्याकडूनच मी तो शिकले होते.

"आत्याबाई, तुम्हाला काय हवंय?"

"काशीला ने."

मला काय वाटलं ते स्पष्ट लिहिते. मला वैताग आला. ज्या मुक्तीच्या नावानं गल्लीनं मला जवळजवळ चितेवर चढवलं होतं, ती सोडून ही बाई माझ्याबरोबर आली, आणि आता हिलाही तीच हवी! मी म्हटलं, "तुम्हीच तर हद्द ओलांडलीत. तुम्हीच मला त्या सगळ्यातून सोडवून आणलंत."

"मी तुझ्या मरणाचं बोलले होते," त्या म्हणाल्या. बोलायला त्यांना फार वेळ लागत होता. "माझं मरण माझं आहे. तुला पटायला कशाला हवं?"

साहेब माझ्यावर ओरडला. अजून चार-सहा महिने पूर्ण करायला हवेत, आत्ता खाली उतरलीस, गाडीत रात्री काढल्यास, तर जमवलेलं सगळं जाईल. म्हातारी वाटेतच मरेल, मग उपयोग काय? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काशीला पोचल्यावर मला परत ताप आला आणि पुढचं सबंध वर्ष मी आमच्या गच्चीवरच्या पत्र्याखाली काढलं. आज मी बरी आहे, नाहीतर इतकं खवचट लिहायला ताकद कुठून आणली असती?

मुक्तीवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण अंड्यावर त्यांचा कुठं होता? मी यांना तार केली आणि सामान बांधलं.

*

पायथ्याच्या स्टेशनावर हमालांनी आत्याबाईंना खुर्चीसकट गाडीत चढवलं. बायकांच्या डब्यात गर्दी होती. सगळ्या हळहळल्या, च् च् केलं, एकीनं उशाला स्वतःची वळकटी दिली. मग कुणीतरी विचारलं, कुठून आलात? मी सांगितलं. पुढच्या स्टेशनावर डबा रिकामा झाला. वळकटीवाली वळकटी घेऊन गेली. आम्हाला ऐसपैस जागा मिळाली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

लखनौला गाडी बदलली. आत्याबाईंना शुद्ध होती. सकाळ झाल्यावर त्या म्हणाल्या, "शिवपूर आलं की सांग."

शिवपूर हे बनारसच्या अलीकडचं छोटं स्टेशन. पंचक्रोशीची वाट तिथूनच जाते. ते आलं की आपण हद्दीत आलो. मी म्हटलं, सांगते. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. श्वास मधेच थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी बोलले नाही, धीर दिला नाही, रडले नाही. प्रत्येक श्वास येतो की नाही तेवढं बघत राहिले. एकदा त्यांनी माझा हात दाबला. मग एक श्वास आलाच नाही. मी वाट पाहिली. बराच वेळ वाट पाहिली.

गाडी थांबली तेव्हा बनारस आलं होतं. हे फलाटावर उभे होते, आणि आम्हाला पाहून रडायला लागले. या वेळी मीही रडले, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून, आणि ते मला पाणी आणायला धावले.

*

दिवस झाले. मग बायका आल्या. मी पुन्हा तापात होते, त्यामुळे सगळ्या उंबऱ्यातच बसल्या, नाकाला पदर लावून. आत्याबाईंच्या दगडी काळजाचं आता नावही नव्हतं. किती माया होती, किती सोवळं होतं, किती केलं बिचारीनं! गोदूकाकूंनी डोळे पुसले. खरं पाणी होतं, मी पाहिलं. मग त्या थोड्या पुढं सरकल्या आणि आवाज खाली आणला.

"यमुने, एक विचारू? सगळ्यांच्या जिवाला लागून राहिलंय म्हणून विचारते. प्राण गेला तो शिवपूरच्या अलीकडे की पलीकडे?"

उंबऱ्यातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. कुणीतरी पदर खाली घेतला, नीट ऐकू यावं म्हणून.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी त्यांच्याकडे बघत होते. स्टेशनाकडे बघितलंच नाही."

गोदूकाकूंनी मान हलवली, सुस्कारा टाकला, पदरानं पुन्हा डोळे टिपले.

"ते खरं गं," त्या म्हणाल्या. "तरीपण, अंदाजे?"